निर्यातीची ऑर्डर स्वीकारण्याआधी: स्कोमेटचे नियम कारखान्यात कसे पाळायचे

२३ जानेवारी २०२४ रोजी न्हावा शेवा बंदरात 'सीएमए सीजीएम अटिला' हे माल्टाचा झेंडा लावलेलं जहाज थांबवण्यात आलं. ते चीनहून कराचीला निघालं होतं. त्यातल्या एका खेपेत इटालियन बनावटीचं सीएनसी (संगणकाच्या हुकमाने चालणारं) मशीन होतं, आणि खेपेचं वजन २२,१८० किलो. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावर माल चढवल्याच्या पावतीवर, पाठवणारी शांघायची लॉजिस्टिक्स कंपनी आणि घेणारी सियालकोटची कंपनी अशी नावं होती. तपासात मात्र खरी पाठवणारी कंपनी तैयुआनची निघाली आणि माल जायचा होता 'कॉसमॉस इंजिनिअरिंग' या पाकिस्तानी कंपनीकडे. याच कंपनीकडे निघालेली इटालियन उपकरणं मार्च २०२२ मध्ये याच बंदरात अडवली गेली होती. हे मशीन अणुकार्यक्रमात वापरता येईल, असं आपल्या यंत्रणांचं म्हणणं. हे साधं व्यापारी लेथ असून मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या उद्योगासाठी आहे, असं पाकिस्तानचं म्हणणं.

या प्रकरणाचा पुढे काय निकाल लागायचा तो लागो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की असं मशीन दोन्ही कामं करू शकतं. सकाळी गिअरबॉक्सचं हाउसिंग आणि दुपारी सेंट्रिफ्यूजचा (युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्राचा) भाग, मशीनला काही फरक पडत नाही. यालाच दुहेरी वापर म्हणतात. अशा ज्या वस्तूंना देशाबाहेर पाठवायला सरकारी परवाना लागतो, त्यांची भारताची यादी म्हणजे स्कोमेट. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, गोव्यात वेर्णा, इथल्या कितीतरी कारखान्यांतून अशा दुहेरी वापराच्या वस्तू रोज बाहेर पडतात आणि बनवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मी अनेक वर्षं लहान-मध्यम कारखान्यांची निर्यातीची कागदपत्रं करते. अनुभवाने माझं एक मत पक्कं झालं आहे. बंदरावरचं कस्टम्स ही शेवटची चौकी आहे. पहिली चौकी म्हणजे तुमच्या ऑफिसात सकाळी इन्क्वायरीचे मेल उघडणारी व्यक्ती. तिला काय बघायचं हे माहीत असेल, तर पुढचं बरंच काही टळतं. म्हणून हा लेख तिच्यासाठी आणि तिच्या मालकांसाठी.

आधी आपला माल यादीत आहे का ते बघा

भारताच्या यादीचं नाव स्कोमेट. विशेष रसायनं, सूक्ष्मजीव, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पडलं. ही यादी आयटीसी एचएस या आयात-निर्यात मालाच्या सरकारी वर्गीकरणाच्या शेड्यूल २ मध्ये, परिशिष्ट ३ म्हणून आहे आणि विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, संकेतस्थळावर फुकट मिळते. शून्यापासून आठपर्यंत वर्ग आहेत. शून्यात अणुसाहित्य, एकमध्ये विषारी रसायनं, दोनमध्ये सूक्ष्मजीव आणि जैविक विषं, तीनमध्ये साहित्य आणि प्रक्रिया-उपकरणं, चारमध्ये अणुक्षेत्राशी संबंधित इतर उपकरणं, पाचमध्ये एरोस्पेस, सहामध्ये युद्धसामग्री. सातवा राखीव ठेवलाय. आठवा सगळ्यांत जाडजूड: विशेष साहित्य, मशीन टूल्स, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, दूरसंचार, सेन्सर, लेझर, नेव्हिगेशन, सागरी उपकरणं.

ही यादी एका दिवसात झाली नाही. भारत जून २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात गेला, डिसेंबर २०१७ मध्ये शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार व्यवस्थेत आणि जानेवारी २०१८ मध्ये रासायनिक-जैविक अस्त्रांचा माल रोखणाऱ्या ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये. अणुपुरवठादार गटाचं सदस्यत्व अजून मिळालेलं नाही, तरी त्यांच्या याद्यांशी आपली यादी जुळवून घेतली आहे. त्यामुळे जर्मनीत किंवा जपानमध्ये ज्या पंपाला परवाना लागतो, त्याला साधारणपणे इथेही लागतो.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो एचएस कोडवरून, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण-क्रमांकावरून. "आमचा कोड ८४१३, पंप फ्री आहेत, परवाना लागत नाही," असं मला दर महिन्याला कोणी ना कोणी सांगतं. एचएस कोड ड्यूटीसाठी असतो. स्कोमेट बघतं ते वस्तूचे तांत्रिक आकडे. एकाच कोडखाली शेतातला पंपही येतो आणि नर्व्ह गॅसच्या कारखान्यात चालेल असा पंपही. तेव्हा आकड्यांवरच बसायला हवं.

पंपाचंच घ्या. सीललेस किंवा एकाहून जास्त सील असलेला पंप, प्रवाह तासाला ०.६ घनमीटरपेक्षा जास्त, आणि द्रव ज्याला ज्याला लागतो ते सगळे भाग ठरावीक साहित्याचे असतील, तर तो नियंत्रित. हे साहित्य म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त निकेल असलेले मिश्रधातू, २५ टक्क्यांहून जास्त निकेल आणि २० टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलेले मिश्रधातू, टायटॅनियम, टँटलम, झिर्कोनियम, फ्लोरोपॉलिमर, ग्राफाइट, काच वगैरे. हॅस्टेलॉय सी-२७६ मध्ये निम्म्याहून जास्त निकेल असतं, म्हणजे तो सरळ आत. एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल दहा-चौदा टक्के, म्हणजे बाहेर. बाहेरून बघाल तर दोन्ही पंप सारखेच दिसतात.

रिअॅक्टर बनवणाऱ्यांनी आकारमान बघावं. १०० लिटरपेक्षा जास्त आणि २०,००० लिटरपेक्षा कमी, आणि आतला संपर्काचा पृष्ठभाग वरच्या साहित्याचा. ग्लास-लाइन्ड रिअॅक्टर यात हमखास सापडतात. हीट एक्स्चेंजरला ०.१५ ते २० चौरस मीटर हा पट्टा लागू होतो.

आता अॅल्युमिनियमचं बघू. इथे जॉबवर्क करणारेही सापडतात. मिश्रधातूची ताणशक्ती २० अंश सेल्सिअसला ४६० मेगापास्कल किंवा जास्त होऊ शकत असेल, आणि आकार ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेरच्या व्यासाची नळी किंवा भरीव गोल असेल, तर तो अणु-यादीत येतो. ७०७५ टी६ या अॅल्युमिनियम मिश्रधातूची ताणशक्ती साधारण ५७० असते. शिवाय "होऊ शकत असेल" या शब्दांत हीट ट्रीटमेंटच्या आधीचा मालही धरलाय. "आम्ही मऊ अवस्थेतला बार पाठवतोय" ही सबब चालत नाही. ८० मिलिमीटरचा ७०७५ चा गोल बार पुण्यातल्या कुठल्याही धातूच्या दुकानात रॅकवर उभा दिसेल. देशात विका, काही अडचण नाही. देशाबाहेर जायचा असेल तर परवाना.

मशीन टूल्समध्ये अक्षांची संख्या आणि मायक्रॉनमधली पुनरावृत्ती अचूकता (पुन्हा पुन्हा त्याच जागी येण्यातली अचूकता) बघतात. लेथसाठी वासेनारची मर्यादा, एक मीटरपेक्षा कमी ट्रॅव्हलला, ०.९ मायक्रॉन. एकाच वेळी पाच अक्ष चालवणारी मिलिंग मशीनं तर वेगळी काळजी घेऊन तपासायलाच हवीत. या अक्षांचं महत्त्व जगाला १९८७ साली कळलं. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने सोव्हिएत संघाला नऊ अक्षांची मिलिंग मशीनं आणि नॉर्वेच्या काँग्सबर्गने त्यांचे कंट्रोलर विकले होते, आणि त्यावर पाणबुड्यांचे कमी आवाजाचे पंखे कोरले गेल्याचा आरोप झाला.

ड्रोनवाल्यांसाठी २०२३ मध्ये थोडी मोकळीक मिळाली आहे. २५ किलोमीटरपर्यंत पल्ला आणि २५ किलोपर्यंत वजन नेणाऱ्या नागरी ड्रोनना सर्वसाधारण परवान्याची, म्हणजे प्रत्येक खेपेला वेगळा अर्ज न करता चालणाऱ्या परवान्याची, सोय आहे. सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान मात्र त्यात धरलेलं नाही.

हे काम निर्यात क्लार्कच्या गळ्यात बांधू नका, त्याला त्यातलं काय कळणार? डिझाइन इंजिनिअर, मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट बघणारा क्वालिटीचा माणूस आणि क्लार्क या तिघांनी एकत्र बसून प्रत्येक उत्पादनाचा एक कागद करावा: कोणती नोंद तपासली, आपला आकडा किती, मर्यादा किती, निष्कर्ष काय, तारीख, सह्या. "यादीत नाही" असा निष्कर्ष निघाला तरी कागद करायचाच. यादी वेळोवेळी बदलते, म्हणून वर्षातून एकदा हे कागद पुन्हा काढून बघावेत.

मग गिऱ्हाईक बघा, आणि त्याच्यामागचं गिऱ्हाईक

काही वर्षांपूर्वी माझ्या एका कारखानदाराकडे आखातातल्या एका व्यापाऱ्याची इन्क्वायरी आली. सीललेस पंप, बारा नग, आतले भाग हॅस्टेलॉयचे. उपयोग: पाणीशुद्धीकरण. खाली तीन ओळी. इन्स्टॉलेशन नको. स्पेअर नकोत. नेमप्लेट लावू नये, आमची आम्ही लावू. भाव त्यांनी स्वतःच आपल्या नेहमीच्या दरापेक्षा चढा देऊ केला होता. सेल्सचा मुलगा खूश होता, कारण तिमाहीचं टार्गेट एका ऑर्डरमध्ये होणार होतं. शॉपफ्लोअरवरच्या जुन्या फोरमननी कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "साधं पाणी उपसायला हॅस्टेलॉय कोण घेतं हो ताई?"

तपासणीचं सगळं शास्त्र मला त्या प्रश्नात दिसतं. वस्तू आणि सांगितलेला उपयोग यांचा मेळ बसतो का? गिऱ्हाइकाचा धंदा आणि मागणी जुळते का? महाग यंत्र घेणारा माणूस बसवून द्यायला नको, शिकवायला नको, वॉरंटी नको म्हणतो तेव्हा का? पत्ता फ्री झोनमधल्या एका खोलीचा आहे का? माल घेणारा फ्रेट फॉरवर्डरच आहे का? पैसे तिसऱ्याच देशातून येणार आहेत का? यातल्या एकाच गोष्टीवरून कोणाला चोर ठरवू नये, पुष्कळ प्रामाणिक व्यापारीही फ्री झोनमधूनच काम करतात. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, की मात्र कोटेशन थांबवायचं.

संख्येकडेही नीट बघा. २००३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या आशर कार्नी या व्यापाऱ्याने अमेरिकेतून २०० ट्रिगर्ड स्पार्क गॅप (जोरदार वीज क्षणात सोडणारे स्विच) मागवले, रुग्णालयासाठी म्हणून. मुतखडा फोडायच्या यंत्रात ते लागतात, हे खरंच. अणुबॉम्बच्या डेटोनेटरमध्येही लागतात. एखाद्या रुग्णालयाला असे मोजके नग पुरतात. दोनशेचा आकडा बघूनच शंका यायला हवी होती. माल पाकिस्तानकडे चालला होता. १ जानेवारी २००४ रोजी कार्नीला डेन्व्हर विमानतळावर अटक झाली.

दुसरं उदाहरण आपल्या मशीन शॉपच्या फार जवळचं आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये 'बीबीसी चायना' हे जहाज इटलीतल्या तारांतो बंदरात नेऊन तपासलं, तेव्हा लिबियाला निघालेल्या पाच कंटेनरमध्ये सेंट्रिफ्यूजचे भाग सापडले. पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांच्या छुप्या जाळ्यासाठी ते मलेशियातल्या एका प्रिसिजन इंजिनिअरिंग कारखान्यात बनले होते आणि दुबईमार्गे निघाले होते. हे भाग तेल आणि वायू उद्योगासाठी आहेत असं आपल्याला सांगितलं होतं, असं कारखान्याचं म्हणणं होतं. ड्रॉइंग आलं, टॉलरन्स आला, माल कापला, पाठवला. आपल्याकडे जॉबवर्कचं काम असंच चालतं. ड्रॉइंगवर भागाचं नाव नसतं, नुसता नंबर. त्या नंबरामागे काय आहे हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो बजावलाच पाहिजे.

नावं तपासायला वेळ लागत नाही. संयुक्त राष्ट्रांची एकत्रित निर्बंध यादी, अमेरिकेची एंटिटी लिस्ट आणि युरोपीय संघाची यादी इंटरनेटवर खुल्या आहेत. खरेदीदार, मधला घेणारा, अंतिम वापरकर्ता, बँक, जहाज, सगळ्यांची नावं टाकून बघा, स्पेलिंग बदलूनही बघा, आणि त्या दिवशीचा स्क्रीनशॉट फाइलला लावा. अमेरिकेची यादी भारतीय कायदा नाही, हे बरोबर. पण ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेने रशियाला मदत केल्यावरून जगभरातल्या जवळपास ४०० जणांवर निर्बंध लावले आणि त्यांत १९ भारतीय कंपन्या होत्या. डॉलरचा व्यवहार करणारी तुमची बँक या याद्या बघतेच.

यादीत नसलं तरी अडू शकतं

वस्तू यादीत बसत नाही, पण ती सामूहिक संहाराच्या अस्त्रासाठी किंवा त्याच्या क्षेपणास्त्रासाठी वापरली जाणार हे तुम्हाला माहीत आहे, किंवा तसा सबळ संशय आहे, किंवा सरकारने तुम्हाला तसं कळवलं आहे, तर तिलाही परवाना लागतो. याला कॅच-ऑल तरतूद म्हणतात. त्यामागे २००५ चा सामूहिक संहार अस्त्रांविषयीचा कायदा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा कामाला पैसा पुरवणंही त्यात आणलंय. म्हणूनच "आम्ही विचारलंच नाही, त्यामुळे आम्हाला माहीत नव्हतं" या भरवशावर राहू नका. डोळे मिटून घेतल्याचा पुरावा तुमच्याच इनबॉक्समध्ये असतो.

अर्ज

परवाना देणारे तिघे आहेत. वर्ग शून्यासाठी अणुऊर्जा विभाग, वर्ग सहासाठी संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग, आणि बाकी जवळपास सगळ्यांसाठी दिल्लीतलं डीजीएफटीचं मुख्यालय. पुण्याच्या किंवा मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयात स्कोमेटचा परवाना मिळत नाही, तिथे खेपा घालू नका. अर्ज ऑनलाइन असतो, त्यासाठी चालू आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) आणि डिजिटल सही हवी. परदेशी संरक्षण कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांनी सहावा वर्ग नीट वाचावा. लष्करी वापरासाठी खास रचलेला भाग कितीही लहान असला तरी तो तिथे जाऊ शकतो.

अर्जाला परचेस ऑर्डर, तांत्रिक माहिती आणि एंड यूजर सर्टिफिकेट लागतं. सगळ्यांत जास्त अर्ज या सर्टिफिकेटपाशी अडकतात. ते अंतिम वापरकर्त्याच्या लेटरहेडवर हवं, मधल्या व्यापाऱ्याच्या नव्हे. वस्तूचं नाव, मॉडेल, संख्या, वापराचं ठिकाण आणि नेमका वापर लिहिलेला हवा. "औद्योगिक वापर" एवढंच लिहून भागत नाही. "अमुक गावातल्या कारखान्यात, अमुक रसायनाच्या लाइनवर, अमुक द्रव फिरवण्यासाठी" असं हवं. परवानगीशिवाय पुढे विकणार नाही आणि मागितल्यास जागेवर तपासणी करू देऊ, अशी हमीही त्यात असते. परचेस ऑर्डर, सर्टिफिकेट आणि अर्ज यांतली संख्या आणि नावं अक्षरशः जुळली पाहिजेत. एकीकडे "लिमिटेड" आणि दुसरीकडे "एलएलसी" एवढ्या फरकावरून महिनाभराचा पत्रव्यवहार झालेला मी पाहिलाय.

हा अर्ज आंतरमंत्रालयीन कार्यगटापुढे जातो. परराष्ट्र, संरक्षण, अणुऊर्जा, अंतराळ, डीआरडीओ अशा खात्यांचे प्रतिनिधी तिथे असतात. शंका आली की प्रश्न परत येतो, आणि तुमचं उत्तर पोचेपर्यंत अर्ज तिथेच थांबतो. म्हणून ऑर्डर स्वीकारतानाच करारात लिहा: डिलिव्हरीची मुदत निर्यात परवाना मिळाल्याच्या तारखेपासून सुरू होईल, आणि परवाना नाकारला गेल्यास विलंबाचा दंड लागणार नाही. या एका वाक्याने लहान कारखाने वाचतात.

तीच वस्तू, तोच वापरकर्ता अशी पुन्हा ऑर्डर आली, तर पद्धत सोपी आहे. दुरुस्तीला आलेला माल परत पाठवणं, काही रसायनं, दूरसंचार आणि माहिती-सुरक्षेच्या वस्तू, एकाच समूहातल्या कंपन्यांमधली देवाणघेवाण, यांसाठी सर्वसाधारण परवाने निघाले आहेत. अटी बसत असतील तर जरूर घ्या. त्यांतही खेपांची माहिती नंतर कळवावी लागते, आणि तेच लोक विसरतात.

ड्रॉइंग मेलने गेलं तरी ती निर्यातच

हा भाग मी जरा जोर देऊन सांगते, कारण इथे चांगली माणसं नकळत अडकतात. नियंत्रित वस्तूचं ड्रॉइंग, प्रोसेस शीट, सीएनसी प्रोग्रॅम, सोर्स कोड मेलने पाठवला, क्लाउडच्या फोल्डरची लिंक दिली, परदेशातल्या माणसाला सर्व्हरचा पासवर्ड दिला, व्हिडिओ कॉलवर तंत्र समजावलं, हे सगळं तंत्रज्ञानाचं हस्तांतर आहे. तिथे कंटेनर नाही, सीएचए (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) नाही, कस्टम्स नाही. अडवणारं कोणीच नाही, फक्त तुम्ही. कोटेशनसोबत "माहितीसाठी" सगळं ड्रॉइंग जोडायची सवय तर आजच बंद करा. नियंत्रित उत्पादनांची ड्रॉइंग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कोणाला उघडता येतं त्याची यादी करा, आणि लॅपटॉप घेऊन परदेशी प्रदर्शनाला जाणाऱ्या इंजिनिअरने त्यात काय नेलंय ते बघा.

माल निघताना आणि निघाल्यावर

सीएचएला परवान्याची प्रत आधीच द्या आणि शिपिंग बिलात परवान्याचा उल्लेख, वर्णन आणि संख्या तंतोतंत टाकायला सांगा. "मशिनरी पार्ट्स" असं मोघम वर्णन लिहिलं की कंटेनर उघडला जातो, आणि तेव्हा चूक सीएचएची असली तरी नाव तुमचं असतं. शेवटच्या क्षणी गिऱ्हाइकाने बंदर किंवा घेणारा बदलायला सांगितला तर माल गेटच्या आत ठेवा आणि डीजीएफटीला विचारा. सगळी कागदपत्रं किमान पाच वर्षं जपायची, मेलसकट.

आणि चूक झालीच तर? जुनी खेप तपासताना कळलं की परवाना लागत होता आणि घेतला नव्हता, असं होतं. उरलेल्या खेपा लगेच थांबवा, काहीही पुसू नका, आणि स्वतःहून डीजीएफटीला कळवा. त्यासाठी ठरलेली पद्धत आहे, आणि स्वतः पुढे आलेल्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. लपवलेलं उघडं पडलं तर विदेश व्यापार कायद्याखाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आयईसी रद्द होऊ शकतो. संहार अस्त्र कायद्याखालच्या सगळ्यांत गंभीर गुन्ह्यांना किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

कारखान्यात हे सांभाळायला एका माणसाचं नाव ठरवा. तो सेल्सच्या हाताखाली नसावा आणि ऑर्डर थांबवायचा अधिकार त्याला लेखी असावा. वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालक स्वतः हे करू शकतो. फक्त महिन्याचं टार्गेट आणि ही सही एकाच माणसाकडे देऊ नये.

त्या हॅस्टेलॉयच्या पंपांबद्दल आम्ही व्यापाऱ्याला साधा मेल पाठवला: अंतिम वापरकर्त्याचं नाव, प्लँटचा पत्ता आणि कोणता द्रव फिरवणार ते कळवावं, म्हणजे परवान्याचा अर्ज करता येईल. उत्तर आलं नाही. आठवणीच्या मेललाही नाही. महिन्या-दीड महिन्याने त्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या पंपवाल्यांनी मला एक इन्क्वायरी दाखवली. कंपनीचं नाव वेगळं, देश वेगळा, पण मजकूर शब्दन् शब्द तोच, अगदी नेमप्लेटच्या ओळीसकट. तेव्हापासून नाकारलेली प्रत्येक संशयास्पद इन्क्वायरी मी डीजीएफटीला लेखी कळवायला लावते, आणि आजूबाजूच्या कारखान्यांना त्याच दिवशी फोन करते.